बिजलीनाथचा उजवा हात

...आणि वर मलाच विचारतात, "बाई, बाहुल्यात एवढं काय बघायचं असतं?" एवढं काय! तुम्हाला सांगते, मान फिरते का, फिरली तर परत येते का, कोपर वाकतं का, वाकलं तर तसंच राहतं का, की आपल्या देखत हळूच खाली येतं... आणि नाक चाटलं तर रंग जिभेला लागतो का. हो, चाटायचं! मुलं चाटतात ना, मग त्यांच्या आधी मी चाटायचं! बी.एस्सी., केमिस्ट्री, सेकंड क्लास, आणि नोकरी काय, तर तुर्भ्याच्या कारखान्यात बसून प्लास्टिकची नाकं चाटा! आईला पत्रात मी 'तपासणी विभाग' असं लिहिते. विभाग म्हणजे एक स्टूल, त्यावर मी, आणि शेजारी ग्राइंडर. नापास माल त्यात टाकला की असा काही आवाज होतो म्हणता... घर्रर्र खटॅक्! दर वेळी माझ्या हातातलं बाहुलं उडतं. मी घाबरट नाही हं. मी फक्त दचकते.

तर एके दिवशी शेठनी मला बोलावलं आणि टेबलावर हा उभा केला. बिजलीनाथ! तुम्हाला बिजलीनाथ माहीत नाही? रविवारी सकाळी टीव्हीवर लागतो तो! केप उडवत येतो, उजवा हात वर करतो आणि गरजतो, "पीछे हटो, बिजलीनाथ आ गया!" आमच्या वाशीत तो हात वर करायला आणि वीज जायला नेहमी एकच गाठ पडते, ते सोडा. शेठ म्हणाले, "स्मिताबेन, ए आपला पयला नमुना. पोरं जमवून ठेवतील, कपाटात मांडून ठेवतील असा माल पायजे. टीव्हीमधी जसा दिसते तसाच पायजे, एक फरक नाय पायजे. घरी घेऊन जा, रविवारी लावून बघ. पास तर पास, नापास तर..." आणि शेठनी नुसता ग्राइंडरकडे हात केला. मी दचकले. ग्राइंडर बंद होता, तरी.

आता घरी म्हणजे कुठे, तर सिडकोच्या बिल्डिंगमध्ये मधला मजला. बाबांना लॉटरीत फ्लॅट लागला आणि लगेच बदली लागली रत्नागिरीला. बाबा म्हणाले, "फ्लॅट बंद ठेवायचा नाही, संध्याकाळी दिवा लागायला हवा." म्हणजे मी कोण? दिवा लावणारी! सत्त्याऐंशी सालची वाशी म्हणजे काय विचारू नका... नवीकोरी बिल्डिंग, निम्म्या खिडक्यांना अजून कागद चिकटवलेले, खाडीवरून वारा आला की जिन्यातलं एखादं दार आपोआप धाड्! लांब तिवरांत कोल्हे ओरडतात. मुंबईच्या मैत्रिणींना सांगितलं तर हसतात. "कोल्हे? तू राहतेस कुठे गं, जंगलात?" येऊन बघा म्हटलं, तर येत नाहीत. लांब पडतं म्हणतात. मी घाबरट नाही हं. पण कोल्हा ओरडला की दचकते. सभ्य माणसानं दचकू नये का?

तर मी ह्याला घरी आणला आणि टीव्हीवर उभा केला. आणि खरं सांगते... बरं वाटलं. खोलीत दोन डोळे आणखी झाले ना! चहा करून आले तर हा तिथंच. आंघोळ करून आले तर तिथंच. कारखान्यातून आले, कुलूप उघडलं, तर हा हात वर करून उभा, जणू काही, "आलीस का?" कोणी विचारलं होतं मला गेल्या कित्येक महिन्यांत, आलीस का म्हणून? मग मी बोलायला लागले. म्हणजे तपासणीच, पण तोंडानं. "हं, उजवा हात वर... अजून थोडा... शाब्बास! आता मान इकडे. बसा. बसा म्हटलं ना! परत पडलात? उठा बघू." अहोजाहो केलं मी. पहिल्या ओळखीत एकदम अरेतुरे कसं करायचं?

एकच खोट होती, खांद्याचा सांधा घट्ट. हात वर गेला की खाली येईना. आणि गंमत बघा, तळमजल्यावरच्या मालतीबाई, ज्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे "पाणी आलं का?" "नाही आलं", त्या एक दिवस तेलाची बाटली घेऊन दारात उभ्या! डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "हे नारायण तेल. खांद्यापासून खाली चोळायचं हो. धीर सोडायचा नाही. हळूहळू सुटेल हात." मी दचकलेच! ह्यांना कसं कळलं सांधा घट्ट आहे ते? पण भिडेपोटी मला विचारता येईना, घेतली बाटली. चोळलं. आणि सुटला की हो हात! चांगलं तेल होतं.

आता रंग. चेहरा निळा, पोट गुलाबी, पाय हिरवे. रंग देणारा दिलीप म्हणाला, "शेठच्या घरी बसून टीव्ही बघून काढलाय, मॅडम. एक नंबर!" मी रविवारी माझ्या टीव्हीशी मिळवलं, तर काय? तंतोतंत! चेहरा निळा, पोट गुलाबी, पाय हिरवे! मी लिहिणार होते पास... पण पास लिहिलं की नमुना पिशवीत, पिशवीला सील, आणि पिशवी कपाटात. मंजूर नमुना म्हणून कायमचा. नापास लिहिलं की घर्रर्र. म्हणजे मी काहीही लिहिलं तरी हा जाणार! मग मी काय केलं असेल? लिहिलं, 'तपासणी चालू आहे.' पुढच्या रविवारी बूट तपासले. त्याच्या पुढच्या रविवारी केपची घडी. शेठ विचारायचे, "बेन, बिजलीनाथच्या पीएचडी करते काय?" मी म्हणायची, "शेठ, भुवया राहिल्यात."

आणि भुवया बघताना घात झाला. त्या दिवशी बिजलीनाथ टीव्हीवर चिखलात आडवा पडला, आणि आडवा पडल्याबरोबर सगळाच हिरवा झाला! डोक्यापासून पायापर्यंत! मी म्हटलं, विष चढलं. मग तो लागला गुलाबी व्हायला, म्हणजे उठून बसला. मालिका संपली, बातम्या लागल्या, आणि बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं! मी उठले, टीव्हीजवळ गेले आणि मटकन खालीच बसले. अहो, तो कागद! तुमच्याकडे होता की नाही, ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीच्या काचेवर लावायचा तो रंगीत प्लास्टिकचा कागद, वर निळा, मध्ये गुलाबी, खाली हिरवा, म्हणजे टीव्ही कलर झाला असं समजायचं? तो बाबांनी लावून दिला होता! डोळ्यांना इतकी सवय झालेली, की आहे हे विसरलेच होते मी! आणि शेठच्या घरी तोच कागद, वाशीत दारोदार फिरून विकणारा माणूस एकच! म्हणजे दिलीपनी बिजलीनाथ नाही रंगवला हो, कागद रंगवला! आणि मी, केमिस्ट्रीची पदवीधर, म्हणते तंतोतंत!

आता खरा रंग बघायचा कुठे? कलर टीव्ही बिल्डिंगमध्ये एकच, माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. अँटेना केवढा तो! तिथल्या बाईचा नवरा मस्कतला, त्यानं पाठवलेला. मी कधी वर गेले नव्हते. कारण वरून दिवसभर एवढे आवाज, गाणी काय, भांडणं काय, पुरुषांची हसणी काय, वाटायचं, केवढा गोतावळा! भरल्या घरात आपण कशाला जायचं? आणि जाऊन सांगायचं काय? नमस्कार, मी खालची, हे बाहुलं?

पण सोमवारी शेठना शेवटचं उत्तर द्यायचं होतं, तर रविवारी मी गेले. बिजलीनाथला पदराखाली घेतलं आणि बेल दाबली. ती बेल चिमणीसारखी ओरडली. मी दचकले. दार उघडलं तर समोर लाटणं उगारलेलं! मी किंचाळले, ती किंचाळली.

"कोन तुमी?"

"मी... मी खालची. स्मिता."

"या अल्ला, तुमी होय! घाबरवलंत ना!" लाटणं खाली आलं. सफिया नाव तिचं, उरणची, माझ्याच वयाची. मग एकदम हळू आवाजात, "त्यांना एकटं सोडून आलात? बरे हायेत ना आता?"

"कोण?"

"तुमचे मिस्टर."

"माझे?"

"लकवा झालाय ना त्यांना? रोज ऐकते मी. 'उजवा हात वर, शाब्बास, बसा, परत पडलात?' मी मस्कतला आमच्या ताजुद्दीनला लिवलं पन, खाली एक बाई हाय, काय सेवा करते नवऱ्याची! रोज दुवा करते मी त्यांच्यासाठी. म्हनूनच खाली आली नाय कधी. म्हटलं, आजारी मानसाच्या घरात कशाला तरास?"

मी पदर बाजूला केला. निळा चेहरा, गुलाबी पोट, हिरवे पाय, हात वर.

सफियानं त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत त्याच्याकडे. "ह्यांना... लकवा?"

आणि हसली बाई! जमिनीवर बसून हसली, लाटणं आपटून हसली! मीही हसले. किती दिवसांनी, विचारू नका. हसून झाल्यावर बघते तर घरात कोणीच नाही. मी म्हटलं, "बाकीची मंडळी?"

"कोन मंडळी? मी एकटीच. टीव्ही मोठ्यानं लावून ठेवते मी, लोकांना वाटाया पायजे ना, घरात मानसं हायेत."

म्हणजे बघा! तिला वाटलं माझ्याकडे आजारी माणूस आहे, मला वाटलं तिच्याकडे भरलं घर. आणि मधे काय होतं? माझं छत. नाहीतर तिची फरशी म्हणा, एकच की!

मग चहा झाला, नानखटाई झाली, आणि लागला बिजलीनाथ, कलरमध्ये. तुम्हाला सांगते, केप लाल! कपडे पिवळेधमक! आणि चेहरा... चेहरा माणसाच्या रंगाचा होता हो! सफिया म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना कावीळ नाय झाली, पन बाकी सगळं झालंय."

सोमवारी मी शेठसमोर उभी राहिले. खरं सांगितलं तर घर्रर्र. पण चुकीचा पास कसा करायचा? सांगितलं सगळं. कागदाचंही सांगितलं. शेठनी डोळे मिटले, हिशेब केला, डोळे उघडले. "बेन, कलर टीव्ही किती घरात हाय? आन् कागद किती घरात हाय?"

"कागद... बहुतेक घरांत."

"मग ग्राहकाला जसा दिसते तसाच हाय ना? पास!"

आणि माझ्या देखत पिशवीत घातला, सील केलं. हात वरच राहिला होता, पिशवीत मावेना. मीच खाली केला. नारायण तेलामुळे सहज आला खाली. कपाट लावलं तेव्हा मी दचकलेसुद्धा नाही.

निदान सफिया होती! पण तिचा व्हिसा त्याच आठवड्यात आला. टीव्ही गोधडीत गुंडाळून उरणला सासरी गेला आणि ती मस्कतला. जाताना म्हणाली, "खत लिव. आन् त्यांना सलाम सांग." आता वरून आवाज नाही, आणि माझ्याकडूनही नाही. कोणाला सांगू, हात वर करा? मी मालतीबाईंची बाटली परत करायला गेले, निम्मी उरली होती. म्हटलं, "घ्या. आता लागणार नाही."

मालतीबाई पायरीवर बसल्याच! "अगं, केव्हा?"

"सोमवारी," मी म्हटलं. मला वाटलं, सफियानं जाता जाता बाहुल्याचं हसत हसत सांगितलं असेल. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं!

संध्याकाळी दारावर टकटक. उघडते तर अख्खी बिल्डिंग! बायका, पुरुष, सगळे गप्प, पायातलं बाहेर काढून ओळीनं आत. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत ना, म्हणून एकीच्या हातात पिठल्याचं पातेलं, एकीकडे भात. माझ्या घरात पहिल्यांदा माणसं! सतरंजी पुरेना! मालतीबाईंनी मला जवळ घेतलं, "गळा मोकळा असायचा गं हिचा नेहमी, मला वाटायचं कारखान्यात मशीनमध्ये अडकेल म्हणून मंगळसूत्र काढून ठेवते. आता..."

मी म्हटलं, "अहो, तसं नाही! तो बाहुला होता! प्लास्टिकचा! चेहरा निळा, पाय हिरवे, शेठनी कपाटात ठेवलाय!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मालतीबाई हळूच म्हणाल्या, "धक्का बसलाय पोरीला. बडबडू दे. आधी दोन घास खाऊ घाला."

खाल्ले हो मी! भूक लागली होती, पिठलं गरम होतं, आणि कोणीतरी पाठीवरून हात फिरवत होतं. परत समजावून सांगायला हवं होतं, कळतं मला. उद्या सांगू म्हटलं. उद्या कोणीतरी आमटी आणली. परवा भाजी. रोज कोणी ना कोणी यायचं, "आलीस का गं?" विचारायचं. मग माणसं दमली. तसं होतंच. पातेली परत गेली.

आणि काल शेठनी नवा नमुना दिला. मालिकेतला राक्षस! दोन शिंगं, चार हात. चार हात म्हणजे चार खांदे तपासायचे! म्हटलं, ह्या खेपेला तोंड उघडायचं नाही. दार लावलं, खिडकी लावली, टीव्हीवर उभा केला, आणि अगदी हळू, अगदी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "पहिला हात वर..."

खिडकीखालून मालतीबाईंचा आवाज आला, "अगं स्मिता! वर्ष तरी जाऊ द्यायचं होतंस गं!"

राक्षस पडला. शिंग मोडलं. मी घाबरले नाही हं... मी आपली उठले आणि पातेलं बाहेर काढलं. ह्या सुतकाला कोणी यायचं नाही, आता माझं मलाच पिठलं करावं लागणार ना!