वासरापुढची भाकरी

मंडळी, टाळ जरा थांबवा. आज काला आहे, हंडी फोडायचीच आहे. पण आधी मला एक सांगा — दुसऱ्याचं दुखणं कळायला ते आपल्याच अंगावर यावं लागतं का हो? देवानं डोळे दिलेत, कान दिलेत, वर एवढं डोकं दिलंय — ते काय नुसतं फेटा बांधायला? हसताय काय! ऐका.

एका गावात असाच सप्ताह. काल्याच्या दिवशी घरोघरच्या भाकरी यायच्या, देवळापुढं चादरीवर ढीग लागायचा. शेजारी कढईत आमटी. त्या आमटीचा आणि ढिगाचा मालक रंभाजीआण्णा! पंचवीस वर्षं पळी त्याच्याच हातात. माणूस वाईट नव्हता हो — पण!

त्याच गावात गयाबाई. हातांना कोड आलेलं, बोटं पांढरी झालेली. डॉक्टर सांगून थकले — बाबांनो, हे शिवल्यानं लागत नाही, खाल्ल्यानं लागत नाही. ऐकतंय कोण! ती दर सप्ताहाला पाच भाकरी फडक्यात बांधून आणायची. आणि आण्णा? "ये, ये गयाबाई! ठेव, ठेव!" — जिभेवर साखर! तिची पाठ वळली, की फडकं चुलवणामागं. तिथं वासरू बांधलेलं. पाचही भाकरी त्याच्यापुढं! सात वर्षं, मंडळी! देवाच्या दारात!

आठव्या वर्षी काय झालं? आण्णाच्या ओठाशी पांढरा ठिपका. मग बोटांवर. मग पार मनगटापर्यंत! तरी आण्णा सप्ताहाला आला. बायकोनं दिलेलं पाच भाकरींचं फडकं ढिगाशी ठेवलं, पळीला हात घातला — तर त्याचा जिवाभावाचा मित्र भिवाजी आडवा!

"आण्णा, तुम्ही बसा आता निवांत. किती वर्षं राबायचं?"

आवाज कसा? गोड! आण्णाला तो गोडवा ओळखीचा वाटला. वाटणारच, त्याच्याच घरची साखर ती!

"अरे, मला काय झालंय?"

"तसं काही नाही हो. लोक बोलतात, एवढंच."

लोक! हे लोक राहतात तरी कुठं? मला एकदा पत्ता द्या, मी जाऊन कान धरतो!

आण्णा खांबाला टेकून बसला. सहज ढिगाकडं बघतो, तर त्याचं फडकं गायब! उठला, चुलवणामागं गेला. वासरापुढं दोन फडकी, अजून न सोडलेली. एक त्याचं, एक गयाबाईचं. आणि गयाबाई तिथंच, वासराच्या मानेवर हात ठेवून.

"गयाबाई... तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षापासनं."

"तरी आणत होतीस?"

"देवासाठी आणत होते, आण्णा. तुमच्यासाठी नाही."

एवढा बाप्या माणूस, ढसाढसा रडला! मग डोळे पुसले, दोन्ही फडकी उचलली, तरातरा ढिगापाशी आला. दहाच्या दहा भाकरी ढिगात टाकल्या. आणि त्याच पांढऱ्या हातांनी सगळा ढीग खालीवर केला!

"आण्णा! हे काय?" भिवाजी किंचाळला.

"काला! सात वर्षं हिची भाकरी मी वासराला घातली. तुम्ही सगळ्यांनी बघितलं, कुणी हूं की चूं केलं नाही. निवडा आता! सांगा, कुठली कुणाची!"

कुणी हात पुढं करीना. आमटी निवायला लागली, पोटात कावळे ओरडायला लागले. मग एक म्हातारी पुढं सरकली, तिनं हाताला लागली ती भाकरी घेतली. तिच्या मागं दुसरा. बसली की हो पंगत! कुणाला काही झालं? झालं ना — ढेकर आले!

वा! आता कसे डोळे पुसताय! आण्णाला शहाणपण यायला अंगावर ठिपका यावा लागला. तुमचं काय? मघाशी हात धुवायला मी तुमच्या मंडपामागं गेलो होतो. तिथं भाकरीचं एक फडकं वेगळं काढून ठेवलंय. कुणाच्या घरचं, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे! माना खाली घालू नका, मी मानांसाठी नाही आलो. उठा कुणीतरी. ते फडकं आणा, सगळ्यांसमोर सोडा, ढिगात घाला. तोवर मी हंडीला हात लावणार नाही.

हा बसलो मी.