पुरुषाची पावलं

दातांच्या डॉक्टरांकडे आपल्या नंबरची वाट बघत शिवणकामवाली बाई मासिक चाळत होती. शेजारी एक नणंद-भावजय येऊन बसल्या आणि तिचं पान उलटायचं राहूनच गेलं.

"वहिनी, तू नाचायला जातेस म्हणे! दादाला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत."

"जाते वन्सं. दर शनिवारी."

"हे खूळ आलं कुठून?"

"योगातून. मोबाइलवर तीस दिवसांचं चॅलेंज घेतलं होतं, एकही दिवस चुकवला नाही. आधी जिन्यात दोनदा टेकायचे. शेवटी शेवटी तर गच्चीत पोचल्यावर कळायचं, की मध्ये कुठे बसलेच नाही. मग चॅलेंजच्या ग्रुपमधल्याच एकीनं नाचाला ओढलं."

"योगाचं समजू शकते मी. पण जोडीनं नाच? हात कुणाच्या हातात देतेस?"

"पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, त्यांच्या."

"बाईंच्या?"

"पुरुष तीनच येतात, त्यातला एक सारखा पाणी प्यायला जातो. मी उंच, म्हणून मला पुरुषाची पावलं दिलीत."

नणंदेला हसू फुटलं, पण लगेच विरलं.

"खरं सांगू वहिनी? तू अशी ताजीतवानी दिसलीस की वाटतं, दादा आता मला एकटीलाच आठवतो."

"रोज शवासनात पडले की शेजारी येतात हो. घोरतात."

"अजून?"

"अजून. मी डोळे उघडले की थांबतात."