मंगलची समज तपासणाऱ्या शैलाबाई

राम राम समद्यांना. अण्णा, उभं राहू नका, म्होरं जागा हाय.

शैलाबाईंच्या फोटोकडं बघून बोला म्हणायलेत. फोटोकडं बघितलं की मला बोलणं व्हत न्हाई. म्हणून तुमच्याकडंच बघून बोलते. मी औरादजवळच्या वाडीची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. सभेत कधी उभी राहिले न्हाई. सांभाळून घ्या.

ही शेजारी बसलेली माझी मंगल. बावीस वर्षांची हाय. अकराची असताना तिला घेऊन नौबादला शैलाबाईंकडं आले. लेकरांची समज किती हाय, ते बाई तपासायच्या. माझे मालक तवा हैदराबादला बांधकामावर होते. संगं सासू आलती.

मला काय वाटलं होतं? बाई गोळ्या देतील. पोरगी नीट बोलंल, शाळेत बसंल. तवर समदे तेच सांगायलते की! डॉक्टर म्हणायचे, मोठी झाली की सुधरंल. देवरषी म्हणायचा, आमुश्या धरा.

बाईंनी सुई लावली न्हाई, नाडी बघितली न्हाई. सतरंजीवर मंगलसमोर बसल्या. लाकडाचे ठोकळे मांडले, चित्रं दाखविली. त्यांच्या पुस्तकातले सवाल कन्नडात होते, मंगलला ते कळंनात. मग आपल्या बोलीत विचारलं, "मंगल, ह्ये काय हाय गं?" मेंढीचं चित्र होतं. मंगल हसली. "आपली काळी," म्हणली. बाई बी हसल्या. पोरगी दमली की थांबायच्या, पाणी पाजायच्या, पुन्हा बसायच्या.

दुसऱ्या दिवशी मला म्हणल्या, "अक्का, खोटं सांगणार न्हाई. मंगलची समज चार वर्षांच्या लेकराएवढी हाय. ती शिकंल, हळूहळू शिकंल. पर बाकीच्या लेकरांच्या बरोबरीनं येणार न्हाई. याला गोळी न्हाई."

मी भांडले. "एवढी शाळा शिकलाव, आन् हेच सांगायला?" तोंडावर म्हणले.

तवा मागून सासू बोलली, "पोटुशी असताना, सूर्याला गिराण लागलेलं, तवा विळा धरला हिनं. त्याचं फळ हाय." अकरा वर्षं मी तेच ऐकायलते. घरात, पाणवठ्यावर, पाव्हण्यारावळ्यांत.

बाई उठल्या. सासूजवळ जाऊन बसल्या, तिचा हात धरला. "आत्याबाई, गिराणानं असं व्हत न्हाई. बाळंतपणात लेकरू अडकलं, लवकर रडलं न्हाई, तवा त्याच्या मेंदूला इजा झाली. हिचं काही चुकलं न्हाई." मग माझ्याकडं वळल्या. "अक्का, तुमचं काही बी चुकलं न्हाई."

मी रडले ओ. पोरगी झाल्यापासून तशी रडले न्हवते.

त्यानंतर बाईंनी आमाला सोडलं न्हाई. औरादच्या बाजारादिवशी वाडीला यायच्या. झंपर घालायला, केस विंचरायला, पाळी आली तर काय करायचं, समदं मंगलला शिकविलं. एकेका गोष्टीला वरीस वरीस लागलं. बाई कधी कावल्या न्हाईत. आज मंगल मेंढरांना पाणी दाखविती, भाकर थापती. सासू आजारी पडली तवा मंगलच्याच हातानं जेवायची.

औंदा आजारानं बाईंनाच धरलं. दवाखान्यात गेले तर आवाज बसलेला. कुजबुजल्या, "मंगलला आणू नका. मला अशी बघून घाबरंल." मी आणलं न्हाई. म्हणून तिनं बाईंना शेवटचं बघितलंच न्हाई.

आता रोज विचारायलीय, "बाई कवा येणार?" मी म्हणते, बाई गेल्या. ती म्हणती, "कुठं? बाजाराला?"

काय सांगू तिला? खरं कसं सांगायचं, ते बाईंना येत होतं. मला येत न्हाई. आता मी कुणाला विचारू?

उठा बाबांनो. बाईंसाठी घडीभर गप उभं राहू. मंगल मधीच बाईंना हाक मारंल. तिला कुणी गप करू नका. हाक मारू द्या.