बकरीनं खाल्लेली ताकद

— नाई नाई, बॅग उघडू नोका भैयाजी, बसा पयले. पानी घ्या. घ्या नं, काईच टाकलं नाई त्याच्यात — आज. ताकदीच्या पावडरचे दहा डबे घेऊन या म्हनून फोन आलता नं? बाईच्या आवाजात? थो मीच. जमते मले. नववीत मास्तरीनबाईचा आवाज काढून अख्ख्या वर्गाले सुट्टी देल्ली होती म्या, मंग हेडमास्तरनं मलेच कायमची सुट्टी देल्ली.

रत्नदीप म्हनतेत मले, तानाबाईचा नातू. हां, थेच तानाबाई — तुमची फुकटची जाहिरात! विहारात वंदना झाली का उभी राह्यची अन् सगया बुढ्याइले सांगाची, 'पाहा वो बायांनो, सत्तर वर्साची हाय मी, हा डबा सुरू केला तवापासून शिंक नाई आली!' अन् तुमी बाजूले उभे, दात काढून. 'रोगप्रतिकारशक्ती' — बाप्पा, केवढा शब्द! म्हाताऱ्या मानसाले भेव दाखवाले झकास हाय. व्हायरस आला, एक चम्मच घ्या. वय झालं, दोन घ्या. पन कोनता डबा, भैयाजी? तुमची पावडर तं पयल्याच दिवशी बकरीले घातली म्या. खरं सांगतो. आजीच्या डब्यात जवस भाजून, कुटून भरला, थोडी हयद, चिमूटभर साखर. दोन महिने खाल्लं तिनं, चम्मच चाटून चाटून. अन् बकरी? थे कोनती पहिलवान झाली? आताबी शेंबडीच हाय, पाहा नं, थे काय खुंट्याले.

गंमत कराची होती, अजून काय. विहारात तुमच्या तोंडावर सांगनार होतो — बुढ्याइनो, थे तं जवसाची चटनी हाय! तुमचं तोंड पाहाचं होतं मले. रविवार ठरवला होता. मंग वाटलं, पुढच्या रविवारी सांगू, रंगू दे अजून. तेवढ्यात दवाखान्याची आशा वर्कर वर्षालीताई आली — म्हाताऱ्याइसाठी फ्लूच्या इंजेक्शनचं शिबिर हाय म्हने. लय सोपं करून सांगतलं तिनं — आजी, म्हातारपनी अंगातला पहारेकरीबी म्हातारा होते, डुलक्या घेते. इंजेक्शन म्हंजे आपल्या दारूगोळ्याच्या डेपोच्या गेटवर चोराचा फोटो लावनं, थो आला का वयखू येते. आता पुलगावच्या मानसाले याच्याहून सोपं काय सांगावं? पन आजी म्हने, 'मले काय कराचा फोटो? माह्यापाशी डबा हाय.' अन् मी तिथंच होतो, उंबरठ्यावर. तोंड उघडाचं होतं फक्त. नाई उघडलं. रविवार होता नं माह्या डोक्यात!

मंग डबा हाय म्हनून आजी शेजारच्या लीलाबाईचे पाय चेपाले गेली, तिच्या तापात. तीन दिवस. लीलाबाई? थे बरी हाय, भांडून राह्यली नळावर. आजी — आयकू येऊन राह्यलं नं? थो आवाज? बकरीचा नाई थो.

चार दिवस झाले तिले तापानं पडून. डॉक्टर म्हने, दम लागून राह्यला, आत्ताच्या आत्ता वर्ध्याले न्या. धीरजचा ऑटो कवाचा उभा हाय बाहेर. माय हात जोडून राह्यली तिच्यापुढं. बुढी म्हनते, 'चम्मच वाढवतो, भैयाजी सांगतीन तसं.' भैयाजी! अरे, म्या सांगतलं नं तिले सकायी — जवस, हयद, बकरी, सगयं सांगतलं. हासली. दम लागला हासता हासता. म्हने, 'रत्न्या, तुह्यं कवा कोनी खरं मानलं रे?'

काय पाहता? कचरा गेला डोयात. उठा. माह्यं नाई आयकत थे, तुमचं आयकते. आत जा अन् सांगा, त्या डब्यात काईच नसते, चुपचाप ऑटोत बसा म्हना. — धंदा? धंद्याचं नंतर पाहा. — इज्जत? कोनाची, तुमची? बॅग राहू द्या इथंच, बकरीले भूक लागली. चपला काढा. जा नं आता!