दुकान बंद होत आहे

नाही, खुर्च्या राहू देत, वायान. चौदाच्या चौदा राहू देत — हो, तुझा साहेब बघतोय ते दिसतंय मला, मघापासून त्या खांबापाशी उभा आहे — त्याला म्हणावं, टटल म्हातारा मुलीची वाट बघतोय. रोंडा येणार आहे. तिच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावून आलोय मी — आज शेवटची रात्र, जेवायला ये, एक सांगायचंय. बाकीचे नाही आले तरी चालेल, तिला सांगायचंय. उद्या सकाळी जहाज फ्लोरिडाला लागलं की सगळे आपापल्या विमानांच्या मागे पळणार, आणि फोनवर सांगण्यातली गोष्ट नाही ही. तू पाणी ओत. सावकाश ओत, म्हणजे साहेबाला वाटेल काम चाललंय. मला ठाऊक आहे ना ते सगळं — गिऱ्हाईक नसलं की मी पोरांच्या हातात फडकं देऊन उभं करायचो, पुसा म्हणायचो, काहीही पुसा, पण दुकान रिकामं दिसता कामा नये. रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही रे. रिकाम्या टेबलावर तरी कोण येऊन बसणार — म्हणून म्हणतो, खुर्च्या राहू देत.

फर्निचरचं दुकान माझं. ओहायोत, झेन्सव्हिलला, हमरस्त्याच्या कडेला. पाटीची गोष्ट सांगितली का तुला? नाही? ऐक मग. तिकडे हायवेपलीकडे एक मोठं दुकान आलं, शंभर गाड्या उभ्या राहतील एवढं अंगण त्याला, आणि माझ्याकडे माशीसुद्धा येईना. तेव्हा मी खरंच ठरवलं होतं, वायान, खरंच — बंद करायचं. नारिंगी कापडावर हातभर अक्षरांत छापून घेतलं — 'दुकान कायमचं बंद होत आहे' — आणि टांगलं दारावर. शनिवार होता. काय सांगू तुला, दहा-दहा वर्षं ज्यांची तोंडं पाहिली नव्हती ती माणसं आली. गळ्यात पडली. एक बाई रडली, म्हणाली, व्हर्नन, माझ्या लग्नाचा पलंग तुझ्याकडचा, तू गेलास तर गावात राहिलं काय — आणि आरामखुर्ची घेऊन गेली. रोख. सोमवारपर्यंत दुकान झाडून नेलं लोकांनी. मग मी काय केलं? नवा माल मागवला. आता हसतोयस, तेव्हा बर्नाडीनही अशीच हसली होती — माझी बायको — म्हणाली, व्हर्नन, थोडी लाज वाटू दे. पण तिनेच शिडी धरली होती पाटी लावताना. अकरा वर्षं झाली, पाटी अजून आहे. उन्हाने विटली की नवी छापायची. पेनांवर तेच, फ्रिजला लावायच्या चुंबकांवर तेच. गावात कोणी भेटलं की नमस्कार-चमत्कार नाही, सरळ विचारतात, काय व्हर्नन, अजून बंदच होतंय का? मी म्हणतो, होतंय, होतंय, लवकर या.

हे सूप ने तू, गार झालं. नाही नाही, चांगलं होतं, मीच खाल्लं नाही.

बर्नाडीन गेली आणि घरी येणं बंद झालं सगळ्यांचं. म्हणजे यायचे, थँक्सगिव्हिंगच्या सणाला यायचे — टर्की मीच भाजायचो, कोरडी व्हायची, ते जाऊ दे — पण ताटातला शेवटचा घास संपायच्या आत खिशातल्या किल्ल्या वाजायला लागायच्या. माझा भाऊ डेल्बर्ट तर कोटही काढायचा नाही. रोंडा म्हणायची, बाबा, बर्फ पडायच्या आत निघते. बर्फाचा पत्ता नसायचा. तेव्हा माझ्या डोक्यात आलं — यांना अशा जागी न्यायचं की जिथून गाडी काढून जाता येत नाही. समुद्रात. सात दिवस, चौदा माणसं, एक टेबल, दार उघडलं तर पाणी. धंदेवाल्याचं डोकं, दुसरं काय. पण त्यांना विचारायला गेलो तर सगळ्यांना कामं. याची सुट्टी नाही, त्याच्या पोराचा सामना आहे. मग मी आयरीनला फोन केला. आयरीन म्हणजे डेल्बर्टची बायको. तिच्या कानात घातलं की गावात दवंडी पिटायला नको. मी एवढंच म्हणालो — आयरीन, डॉक्टरकडून आलो आत्ताच, सगळे मिळून एकदा समुद्र बघावा म्हणतो. आणि गप्प बसलो.

बस. एक शब्द खोटा नाही. गेलो होतो डॉक्टरकडे. आणि गप्प बसणं ही तर आमच्या धंद्यातली पहिली शिकवण — किंमत सांगायची आणि तोंड मिटायचं. घड्याळाची टिकटिक ऐकत बसायचं. जो आधी बोलला तो हरला. आयरीन आधी बोलली. म्हणाली, अरे देवा, किती दिवस म्हणतात रे? आणि मी तेव्हाही गप्पच.

पुढचं तिनेच केलं सगळं. शर्टसुद्धा तिनेच छापून घेतले, नारिंगी, 'व्हर्ननच्या संगे सागरी' — पहिल्या रात्री तू पाहिलेस ना, चौदाच्या चौदा? माझ्या पाटीवाल्याकडूनच छापलेत, त्याच्याकडे तोच रंग शिल्लक होता. काय रात्र होती ती. डेल्बर्टने माझा मासा काटे काढून दिला मला, आयुष्यात माझ्यासाठी टोमणा सोडून काही न काढलेला माणूस. आयरीन लॉबस्टर खाता खाता रडत होती, डोळे पुसायची आणि परत फोडायची. आणि रोंडा इथे, या खुर्चीवर, माझा हात धरून बसली होती. तू फोटो काढलास आमचा. म्हणालास, साहेब, मोठं सुखी कुटुंब. आठवतंय? मी तुला म्हणालो, अगदी. तेव्हा खरंच वाटलं होतं रे, की आता जमलं.

मग ती पोटाची उडी. दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या पोहायच्या तलावाजवळ कर्णा घेऊन तुमचा तो पोरगा ओरडत होता — कोण आहे का दमदार, पोटावर पडून जो जास्त पाणी उडवील त्याला बक्षीस — आणि माझं हे पोट, आणि नातवंडं ओरडायला लागली, आजोबा, आजोबा. मला काय सुचलं कोण जाणे. चढलो फळीवर. तिसरा आलो, वायान. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. पाण्यातून डोकं वर काढलं तर वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून आयरीन उभी. टाळ्या वाजवत नव्हती. तिच्याशेजारी रोंडा.

रोंडा आली खोलीवर. म्हणाली, बाबा, माझ्याकडे बघा आणि सांगा, डॉक्टर नक्की काय म्हणाला होता? आता मुलीच्या तोंडावर कसं — मी म्हणालो, गुडघे घासलेत म्हणाला. ती मग म्हणाली, म्हणजे ती पाटीच. आईला असं फसवलं असतंत ना तुम्ही, ती हसली असती. मी रजा बिनपगारी काढून आलेय. एवढंच बोलली, दार पण आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री इथे सातजण. मग चार. मग डेल्बर्ट एकटा आला, पण त्याला फुकटचं जेवण सोडवत नाही म्हणून, आणि तोही म्हणाला, व्हर्नन, तुझ्या मयताला मी नारिंगीच घालून येणार, खरंच मेलास ना ते चिमटा काढून बघणार आधी. मी म्हटलं होतं समुद्रात जाणार कुठे. अरे, हे जहाज आहे की तालुका. बारा ठिकाणी जेवायला मिळतं, रस्ते काय, बागा काय, एकाच जहाजावर आठवडाभर राहून माणसाला माणूस टाळता येतो, हे मला छापील पत्रकात कोणी सांगितलं नाही. काल लिफ्टचं दार उघडलं, आत रोंडा आणि तिची पोरं. नारिंगी शर्ट नव्हते. मी म्हणालो, भरलीय, तुम्ही जा. अर्धी रिकामी होती.

वाइन? नको. हां, भर थोडी. तिच्या पेल्यात पण भर.

मेक्सिकोच्या त्या बंदरात, कोझुमेलला, उतरलो मी एकटाच. धक्क्यापुढच्या बाजारात एक दुकान होतं, झोपाळे विणलेले, झाडाला बांधायचे — माल चांगला होता, गाठी बघितल्या मी — रोंडाच्या अंगणासाठी एक घ्यावा म्हटलं. दुकानदार पोक्त माणूस. त्याने किंमत सांगितली आणि गप्प बसला. मी मनात म्हटलं, शाबास, आपल्यातलाच आहे. मीही गप्प. दोघं उभे आपले एकमेकांकडे बघत, आणि त्या शांततेत माझा फोन वाजला. जमिनीवर आलं की फोन जिवंत होतात ना. आमच्या गावचा डॉक्टर. स्वतः. नर्स नाही — कळलं का? नर्सने फोन केला की सगळं ठीक असतं. मालक स्वतः फोनवर येतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं, हे मी दुसऱ्यांना इतकी वर्षं केलंय की मला हॅलोतच कळलं.

सांगतो ना. आयरीनला फोन करायच्या आधी मी डॉक्टरकडे गेलो होतो ते कशाला? माझी गाडी दवाखान्यासमोर लोकांना दिसावी म्हणून. गाव लहान. काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणालो, पाठ दुखते — दुखत होतीच जराशी, सोफे उचलून कोणाची दुखत नाही — आणि तो म्हणाला, गुडघे घासलेत, वजनही उतरलंय तुमचं, पोटाचा स्कॅन काढू. मी म्हणालो, काढा. मनात म्हटलं, तेवढीच गाडी अजून तासभर बाहेर दिसेल. तारीख मिळाली ती निघायच्या जरा आधीची, मग निकालाचं विसरूनही गेलो. स्वादुपिंड म्हणाला तो. असं काही असतं पोटात हे मला माहीतही नव्हतं. म्हणाला, पसरलंय. म्हणाला, सोमवारी या, आणि मिस्टर टटल, एकट्याने येऊ नका. किती दिवस, ते मी विचारलं. तो गप्प बसला. मी आधी बोललो.

झोपाळा नाही घेतला. दुकानदाराला वाटलं, मी भाव पाडतोय. पार धक्क्यापर्यंत मागे आला बिचारा, किंमत उतरवत उतरवत.

तर रोंडाला एवढंच सांगायचंय. रडायचं नाही, काही नाही. सोमवारी माझ्याबरोबर ये, इतकंच. एकट्याने येऊ नका म्हणालाय, तर दुसरं आहे कोण मला? चिठ्ठीत ते लिहिलं नाही. लोखंडी दारं इथली, चिकटपट्टी धरेना, खिशात आपल्या दुकानाचं चुंबक होतं, त्याने लावली —

अरे.

चुंबक.

नाही, काही नाही. काही नाही, तू पाव ठेव इथे. आलीच बघ ती. दारात उभी आहे ती, निळ्या कपड्यातली. खुर्ची ओढ, ओढ ना — ये, रोंडा, बस. हा वायान. तुझ्यासाठी वाइन भरून ठेवलीय. बॅग? हो, ठेवतो ना खोलीबाहेर, उतरवायला नेतात म्हणून झोपायच्या आधी सगळ्यांनी ठेवायच्यात, माहीतेय मला. बस तरी. पोरं वाट बघतायत? दोन मिनिटं. हे काय — राहू दे ना तुझ्याकडेच, चुंबक परत कशाला देतेस? अगं, दुसरं काही नव्हतं खिशात म्हणून लावलं, त्यावर काय छापलंय ते बघितलंसुद्धा नाही मी, बर्नाडीनची शपथ. ऐक. सोमवारी दवाखान्यात जायचंय मला. तू येशील बरोबर? नाही, गुडघे नाहीत. पोट. कोझुमेलला फोन आला होता डॉक्टरचा, स्वतः —

काय म्हणालीस?

हं. 'अजून बंदच होतंय का.'

…

हो गं. होतंय, होतंय. गंमत केली. तुला बोलवायचं होतं फक्त, दुसरं काय. जा, पोरं वाट बघतायत. विमानात खिडकी त्यांना दे.

गेली. पेला भरलेलाच राहिला. बघितलंस ना वायान, ती उभी होती, माझ्याकडे बघत होती, अजून जरा मी तोंड मिटून राहिलो असतो तर बसली असती कदाचित. बसलीच असती. मीच आधी बोललो.

ते संगीत सुरू झालं. तुम्हा वेटरांचा नाच ना आज, शेवटच्या रात्रीचा, रुमाल फिरवत — जा, तुझे सोबती रांगेत उभे राहिलेत, तुझा साहेब खुणा करतोय. नाही, मी ठीक आहे. त्या अभिप्रायाच्या कागदावर तुला दहापैकी दहा देणार आहे, काळजी करू नकोस. माझा रुमाल? आहे ना, हा काय. पाहुण्यांनी बसल्या जागी हलवायचा असतो, पहिल्या रात्रीच सांगितलं होतंस तू आम्हाला सगळ्यांना. हलवतो. जा तू. आणि जाताना त्या खुर्च्या काढ.