रेकणं झाकणारा सबवूफर

गाडीत साउंड बसवणाऱ्या दुकानात, बाकावर बसून ऐकलेलं:

"काका, सगळ्यात मोठा सबवूफर तुम्हीच नेलात ना?"

"नेला. दणका असा, की डिकीचं झाकणसुद्धा ताल धरतं."

"आणि गाणं?"

"तेवढं सोडून सगळं ऐकू येतं."

"मग बंद पेटीतला लहान घ्या. दणका कमी, पण आवाज स्वच्छ."

"अहो, गाडी चालवताना मी गातो. माझं रेकणं त्यात बुडावं, म्हणून तर मोठा घेतला!"

"बुडालं ना? मग अडलं कुठं?"

"शेजारी बायको बसते. काल म्हणाली, अहो, तुमचं रेकणं ऐकू येईना, मला करमेना."

"मग लहानच बसवू?"

"बसवा. भोगू दे तिला आपल्या कर्माची फळं."