मुका फोन ठेवू नका

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णवाहिका सेवेचे संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ताई, त्यांच्या घरची मंडळी, सहकारी मित्रमैत्रिणींनो, आणि दारात स्ट्रेचर घेऊन उभे असलेले आपले दोन कर्मचारी,

आधी ताजी बातमी सांगतो. अध्यक्ष सुखरूप आहेत. दहा मिनिटांपूर्वी आधीच्या वक्त्यांच्या विनोदाला दाद देताना त्यांनी टेबलावर हात आपटला, आणि त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने आपल्याच नियंत्रण कक्षाला कळवलं की हे गृहस्थ कोसळले आहेत. ते कोसळलेले नाहीत, याला रुग्णवाहिकेच्या चालकाने स्वतः त्यांची नाडी पाहून दुजोरा दिला आहे. घड्याळाने आधी विचारलं होतं म्हणे, "तुम्ही ठीक आहात का?" पण हसण्याच्या नादात साहेबांना ते कळलं नाही. दोष कुणाचा? हसण्याचा, असं धरू.

हे आमच्याकडे रोज चालतं. एकोणीस वर्षं मी या कक्षाचं रोजचं बातमीपत्र लिहितोय, संध्याकाळी पाचच्या आत, आकड्यांसकट. पूर्वी माणसं फोन करायची, आता त्यांची घड्याळं करतात. गेल्या महिन्यात घड्याळांनी केलेल्या दर शंभर फोनांमागे चौऱ्याण्णव वेळा कुणीही पडलेलं नव्हतं. एक सुतार खिळा ठोकत होता. एक आजोबा सोफ्यावर जरा जोरात बसले. एकाने दंडावरचा डास मारला. डास गेला आणि आम्ही पोहोचलो!

बरं, एकट्या घड्याळाचं काय घेऊन बसलात? माझा फ्रिज मला ऑफिसात कळवतो की त्याचं दार उघडं राहिलंय. अरे बाबा, मग इथून मी ते लावू कसं? वस्तूंना बोलायला शिकवलं, ते ठीक. गप्प बसायला कोण शिकवणार?

न्यायाने बोलायचं तर शंभरातले सहा फोन खरे असतात. शिडीवरून पडलेला रंगारी त्यातला. तो एकटाच होता, मोबाइल खाली गाडीत होता, मनगटावर घड्याळ नसतं तर आज तो नसता. हे मला मान्य आहे. पण चौऱ्याण्णव वेळा पळालेल्या माणसाचे पाय पंच्याण्णवाव्या वेळी जड होतात, हेही कुणी मान्य करा ना.

आमच्या ताई मात्र एकदाही चिडल्या नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी हेडफोन लावून फोन घेतले. त्यांचं टोपणनाव 'थांबाताई'. फोनवर रडणाऱ्याला त्या म्हणत, "थांबा, पत्ता सांगा," आणि घाई करणाऱ्या आम्हाला नुसतंच, "थांबा." मी घड्याळांना खोटारडी म्हटलं की त्या म्हणायच्या, "खोटारडी नाहीत हो, घाबरट आहेत. घाबरटाशी जरा दमानं घ्यावं लागतं."

माझ्याकडे तो दम नव्हता. दोन महिन्यांपूर्वी मी एक प्रस्ताव लिहिला. ज्या फोनवर पलीकडून कुणीच बोलत नाही, त्याला आम्ही 'मुका फोन' म्हणतो. घड्याळाकडून आलेला मुका फोन दहा सेकंदांनंतर यंत्राने आपोआप बंद करावा, असा तो प्रस्ताव. ताईंनी त्यावर एका ओळीत हरकत नोंदवली: "दहा सेकंदांत मला खुर्चीसुद्धा पुढे ओढता येत नाही." मी हसलो. आता हसू येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी, ताईंकडे एक मुका फोन आला. पडद्यावर नाव माझ्या थोरल्या बहिणीचं, आमच्या अक्काचं. तिला ते घड्याळ मीच आणून दिलेलं. ती गच्चीवर गादी झोडपायची आणि घड्याळ आम्हाला हाक मारायचं.

मी म्हटलं, "ताई, ठेवा. अक्का आहे माझी. गादी झोडपत असेल."

"थांबा."

"अहो, या आठवड्यातली पाचवी वेळ! तिला घड्याळापेक्षा काकण दिलं असतं तर बरं झालं असतं."

"थांबा म्हटलं ना! गादी झोडपताना आवाज येतो. इथे काहीच येत नाहीये."

मग त्या फोनमध्ये हळू म्हणाल्या, "अक्का, मी तुमच्या भावाच्या ऑफिसातून बोलतेय. बोलता येत नसेल तर टिचकी मारा. कशावरही."

समोर घड्याळ होतं, भिंतीवरचं, मुकाट चालणारं. दहा सेकंद झाले. वीस झाले. चाळिसाव्या सेकंदाला हेडफोनमध्ये फरशीवर नख वाजलं. टक. मग पुन्हा, टक.

अक्काला अर्धांगाचा झटका आला होता. गाडी वेळेत पोहोचली. आता ती भिंतीला धरून चालते. पहिला शब्द बोलली तो मला उद्देशून होता, आणि तो या सभेत सांगण्यासारखा नाही. तिच्याकडे ते घड्याळ होतं म्हणून फोन आला, आणि आमच्याकडे ताई होत्या म्हणून तो टिकला. यातलं एक काढून घेतलं असतं तर? माझा प्रस्ताव नेमकं तेच करणार होता.

ताई, आमच्या उतावळेपणाला तुम्ही इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल सर्वांच्या वतीने आभार. तुमची वाट पाहताना ज्यांचं जेवण कित्येकदा गार झालं आणि तरी ज्यांनी तक्रार केली नाही, त्या तुमच्या घरच्या मंडळींचेही. चिडून बोलताना कुणाच्या मनगटाला झोंबलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा.

प्रस्ताव उद्या सकाळी अकराला समितीपुढे येतोय. समिती पाच जणांची. माझं मत धरून चौघे बाजूने होते. मी माझं मत फिरवतोय, तरी तिघे उरतात, म्हणजे आजच्या हिशेबाने तो मंजूर होणार आणि परवा सहाच्या पाळीपासून फोन ठेवायचं काम यंत्र करणार. त्या तिघांपैकी एक मत आत्ता व्यासपीठावर, मधल्या खुर्चीत बसलं आहे. ताईंना समितीत बोलता येणार नाही. निवृत्तांना तशी सोय नाही. मघाशी मी त्यांना ते सांगितलं, तर म्हणाल्या, "मी बाहेर बाकावर बसते. तुम्ही आत बोला. आणि सावकाश बोला."